मैना आणि सीमारेषा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीकडे युक्तिवादांची वाण नव्हती. खेडे हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता हे शब्द सीमाभागातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असत. पण निकष ऐकून सभेत कोणाचे डोळे पाणावत नाहीत. ते काम अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने केले.

तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी, मागे राहिलेली त्याची लाडकी, तिचा निरोप, मग मुंबईची दुनिया. बराच वेळ सीमेचे नावही नाही. ऐकणारा गिरणगावातला, त्याचीही कारभारीण साताऱ्याकडे नाहीतर कोकणात राहिलेली. त्याचा गळा दाटला की शाहीर सांगतो, खंडित महाराष्ट्राचीही हीच गत झाली आहे. आणि मग बेळगाव, कारवार येतात. ज्याने कारवार कधी पाहिले नाही त्यालाही ते ताटातूट झालेले आपले माणूस वाटू लागते! यात कावा नव्हता. अण्णाभाऊ स्वतः लहानपणी वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेही कामगारांतच.

आम्ही मात्र राहतो धारवाडच्या मुलखात. इथे शेजारच्या ओसरीवरही गोष्ट सांगितली जात होती. आलूर व्यंकटराव पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडमध्ये आणले, आणि १९१७ साली ‘कर्नाटक गतवैभव’ लिहून कानडी माणसाला त्याच्या हरवलेल्या मोठेपणाची आठवण दिली. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये हुईलगोळ नारायणरावांचे कन्नड नाडाच्या उदयाचे गीत गायले गेले. तारिहाळपासून फारशा लांब नसलेल्या अदरगुंचीचे शंकरगौडा पाटील १९५३ साली एकीकरणासाठी उपोषणाला बसले, तेव्हा हुबळीत लोक रस्त्यावर आले. तिथेही निकषांहून एका उपाशी माणसाची बातमी भारी ठरली.

दहावीच्या वर्गात मी या दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवतो. एका वर्षी कानडी घरातल्या मुलीने विचारले, “सर, मग मैनेला अडवून ठेवलं ते आम्हीच का?” वर्ग हसला, मला हसू आले नाही. भूमीला सखी म्हटले की शेजारी आपोआप तिला अडवणारा होतो, आणि तिला माता म्हटले की तिचा लचका तोडणारा. गाणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो. मी तिला एवढेच सांगितले, की मैनेचे स्वतःचे म्हणणे त्या गाण्यात फारसे आलेले नाही, आणि मैनेच्या गावात कानडी घरेही होती.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. गड्याला मुंबई मिळाली, मैना गावावरच राहिली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तिथे पुन्हा खेडे, बहुमत आणि सलगता.