पाच रुपयांची पावती



माझ्या पोथीत पाच रुपयांची एक पावती अजून आहे. २०२१ च्या मार्चअखेर नाशकात कोरोनाची दुसरी लाट चढली. तेव्हा महापालिका आणि पोलिसांनी नियम केला, की मुख्य बाजारपेठेत शिरायचे तर माणशी पाच रुपये भरायचे आणि तासाभरात बाहेर पडायचे. रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. लोक हसले, काही चिडले. पण पेच खरा होता. गर्दी होऊ दिली तर रोग वाढतो, बाजार बंद केला तर चूल विझते. दोन्ही सांभाळण्याची ती खटपट होती. पुढे एप्रिलमध्ये साथ इतकी भडकली, की राज्यभर कडक निर्बंध आले.

हा पेच जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी सरकारने साथरोगाचा कायदा केला. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्याने आधार घेतला तो त्याच १८९७ च्या कायद्याचा. त्याचा भर अधिकार आणि शिक्षा यांवर आहे. ज्याची रोजी बुडते त्याच्या पोटाची सोय वेगळी करावी लागते. यावेळी रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले. पण तोवर मुंबई-आग्रा रस्त्याने नाशकावरून हजारो मजूर गावाकडे पायी निघाले होते. आपण वारीला चालतो ते ओढीने. ते चालत होते भुकेने.

त्या वर्षी निवृत्तिनाथांच्या पादुकाही त्र्यंबकेश्वराहून पायी गेल्या नाहीत. ३० जूनला त्या एसटीच्या बसने पंढरीला गेल्या, सोबत मोजकेच वारकरी. मी घरी बसून हरिपाठ म्हटला. एकत्र गाणे, गळाभेट, एका पंगतीत जेवण, हे सारे साथीला वाट देणारे होते, म्हणून वारी थांबवणे मला तेव्हाही योग्य वाटले आणि आजही वाटते. आपण नियम पाळला, याचा मला थोडा अभिमानही होता.

तो अभिमान माझ्या मृदंगवाल्याने उतरवला. वीस वर्षे त्याने मला साथ केली. चैत्र-वैशाखातले सगळे सप्ताह रद्द झाले. माझी मुले कमावती, मला दोन वेळचे मिळत होते. त्याला बिदागीशिवाय दुसरा आधार नव्हता. तो कांद्याच्या गोण्या उचलायला जाऊ लागला. दोन महिने मी त्याची साधी चौकशी केली नाही. कळल्यावर धान्य घेऊन गेलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “महाराज, नियम तुम्हीही पाळला, मीही पाळला.”

माउली, पाच रुपये सगळ्यांना सारखेच; पण साडी घेणाऱ्याला ते कळत नाहीत, वीस रुपयांची भाजी घेणाऱ्याचा चौथा हिस्सा जातो. बंदीचेही तसेच आहे. वारी चुकली तर तुम्हा-आम्हाला हुरहुर लागली. पंढरीतल्या तुळशीमाळा, बुक्का, लाह्या विकणाऱ्यांची वर्षाची मिळकत बुडाली.

दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, पहिली पत्नी आणि मूल गेले. तरी त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. दुष्काळ हटवणे त्यांच्या हाती नव्हते. लोकांकडचे आपले येणे सोडणे हाती होते.

२०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. आली आणि जाणत्यांनी थांबा म्हटले, तर थांबा. पण त्याच दिवशी दिंडीची वही काढा. कोणाची रोजी बुडणार, त्यांची नावे लिहा. मृदंगवाला, आचारी, सामानाच्या गाडीचा चालक, कोणी सुटू नये. त्या वर्षीची भिशी न चुकता गोळा करा आणि त्यांच्या घरी पोहोचवा. मी हे दोन महिने उशिरा केले. तुम्ही उशीर करू नका.