मिठाच्या वाटेने मुक्तिनाथ

मुक्तिनाथची यात्रा हल्ली फार सोपी झाली आहे. पोखऱ्याहून पहाटे जीप काढली की रात्रीच्या जेवणाला माणूस मुक्तिनाथखालच्या राणीपौवात पोचतो. दुसऱ्या दिवशी १०८ धारांखाली डोकं धरायचं, ज्वालामाईचं दर्शन घ्यायचं, येताना कागबेनीच्या संगमावर पितरांचं करायचं, एखादा शाळिग्राम विकत घ्यायचा आणि परत फिरायचं. आमच्या गटातल्या निम्म्या मंडळींना एवढंच हवं होतं. उरलेल्यांना काळी गंडकीची खोल दरी चालत पाहायची होती. आखणीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी सांगलीच्या अडत्याची मुलगी. हळद आणि गुळाच्या पट्ट्या लिहीत वाढले, त्यामुळे कुठलीही वाट दिसली की तिच्यावरून काय माल जात असेल हा प्रश्न आधी पडतो. सह्याद्रीत आपण तो विचारतोही. नाणेघाट चढताना जकातीचा रांजण दाखवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. नेपाळात गेलो की मात्र आपली चौकशी उंची किती, थंडी किती आणि मोबाइलला रेंज आहे का, एवढ्यावर संपते.

काळी गंडकीवरून मीठ जात होतं. तिबेटच्या पठारावरच्या खाऱ्या सरोवरांचं मीठ उत्तरेकडून खाली यायचं आणि नेपाळच्या मधल्या डोंगरांतलं धान्य वर जायचं. वर धान्य पुरेसं पिकत नव्हतं, खाली मीठ नव्हतं. एवढ्या हिमालयात त्यासाठी हीच वाट का, याचं उत्तर नदीच्या वयात आहे. ही नदी हिमालय उचलला जाण्याच्या आधीची. डोंगर वर येत गेले तशी ती त्यांना कापत गेली. त्यामुळे ८,१६७ मीटरचा धौलागिरी आणि ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा यांच्यामधून आजही ती जवळपास अडीच हजार मीटरवरून वाहते, आणि खोऱ्याच्या माथ्यावरची तिबेटकडची खिंड, कोरा ला, सुमारे ४,६६० मीटरवरच आहे. हिमालयाच्या मानानं ही अगदी सोपी खिंड. खेचरं, याक आणि माणसं वर्षानुवर्षं तिथून ओझी घेऊन आली.

दरीची खोली म्हणाल तर धौलागिरीच्या माथ्यापासून पात्रापर्यंत साडेपाच किलोमीटरच्या वर भरते. जगात सर्वात खोल हीच की तिबेटातली यारलुंग त्सांगपोची, हा वाद मोजणाऱ्यांनी घालावा. खालून चालणाऱ्याला ती खोली एका नजरेत कधीच दिसत नाही. त्याला दिसतो अंगावर आलेला कडा आणि पायाखालची दोन हात वाट. खरी चिंचोळी घळ दाना ते घासा एवढ्याच पट्ट्यात आहे. रुप्से छहरा हा धबधबा तिथेच लागतो. कालोपानीच्या वर पात्र एकदम पसरट आणि दगडगोट्यांचं होतं, कारण फार पूर्वी एक प्रचंड दरड कोसळून नदी तुंबली होती आणि तिच्यामागे वरच्या मार्फा गावापर्यंत तळं साचलं होतं. आज आपण चालतो ते त्या तळ्याच्या तळावरून.

या पसरट भागातच टुकुचे आहे, आणि माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं. अडत दुकानाची जागा निवडताना आमचे वडील म्हणायचे, गाडीवान जिथे बैल सोडतो तिथे दुकान टाकावं. टुकुचे नेमकं तसं आहे. उत्तरेकडचे याक आणि भोटे व्यापारी खालच्या उकाड्यात उतरायला नाखूष, दक्षिणेकडचा मगर किंवा गुरुंग शेतकरी वरच्या विरळ हवेत जायला नाखूष. दोघांच्या सोयीचं ठिकाण हेच, आणि तिथे मधे बसले थकाली. गौचन, तुलाचन, शेरचन, भट्टचन ही त्यांची चार कुळं. धान्याच्या बदल्यात मीठ, मिठाच्या बदल्यात धान्य, आणि मधली गोदामं यांची. त्यांचे मोठे चौसोपी वाडे अजून उभे आहेत. मधल्या चौकात जनावरं उतरायची, भोवतीच्या खोल्यांत पोती लागायची. पावसाचं भय नाही म्हणून छपरं सपाट, आणि छपराच्या कडेनं सरपणाच्या ओळी.

१८६०च्या दशकात काठमांडूच्या राणा सरकारनं या वाटेवरच्या मिठाचा मक्ता द्यायला सुरुवात केली. मक्ता घेणाऱ्याला सुब्बा हा किताब मिळाला. उत्तरेचं मीठ त्यालाच विकायचं आणि दक्षिणेकडच्यानं त्याच्याकडूनच घ्यायचं. न्यायनिवाड्याचा अधिकारही त्याच्याच हाती आला. खरेदीदार तोच, विकणाराही तोच आणि तक्रार ऐकणाराही तोच! आमच्या बाजारात असा अडत्या निपजला असता तर शेतकऱ्यांनी दुकान जाळलं असतं. टुकुच्याचे वाडे त्या मक्त्यातून उठले, हे तिथल्या कोरीव खिडक्यांचे फोटो काढताना लक्षात ठेवावं. हा मक्ता १९२८च्या सुमारास बंद झाला.

थकाली लोकांची दुसरी चाल मात्र मला मनापासून आवडते. त्यांच्यात ढिकुरी चालते. ही आपली भिशीच. सगळ्यांनी ठरावीक रक्कम, पूर्वी धान्यसुद्धा, टाकायची आणि दर खेपेला एकानं उचलायची. त्या भांडवलावर माणसं धंद्यात उभी राहिली. मिठाचा धंदा बुडाल्यावर हेच लोक पोखरा, भैरहवा, काठमांडूला जाऊन हॉटेलवाले आणि ठेकेदार झाले, त्यामागे ही भिशीची सवय आहे. आज नेपाळभर ‘थकाली भान्सा’ म्हणून जी खानावळ दिसते ती या दरीतून गेलेली. तिथल्या चटणीत तिमूर असतं, आपल्या कोकणी तिरफळाचं जवळचं भावंड. बांगड्याच्या कालवणाची आठवण येते आणि समोर मात्र फापराचा ढिंडो असतो.

मीठ संपलं ते दोन्ही बाजूंनी. भारतीय रेल्वेनं सीमेपर्यंत आणलेलं समुद्राचं मीठ स्वस्त पडू लागलं, आणि १९५०च्या दशकात तिबेटात चीनची सत्ता आल्यावर, विशेषतः १९५९नंतर, वरचा ओघ आटला. तिबेटी मिठाबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. त्यात आयोडीन जवळजवळ नव्हतं आणि नेपाळच्या डोंगरात गलगंड सर्रास होता. १९७०च्या दशकात भारताच्या मदतीनं आयोडीनयुक्त मीठ पोचायला लागलं तेव्हा तो कमी व्हायला सुरुवात झाली.

या वाटेवर व्यापाऱ्यांखेरीज आणखी माणसं येऊन गेली. एकाई कावागुची हा जपानी भिक्षू १८९९मध्ये इथे आला, खोऱ्याच्या वरच्या भागात, मुस्तांगात राहिला, मार्फ्यात मुक्काम केला आणि १९००मध्ये डोल्पोच्या बाजूनं गुपचूप तिबेटात शिरला. मार्फ्यातलं त्याचं घर जपून ठेवलेलं आहे. १९५०मध्ये मोरिस एरझोगच्या फ्रेंच गिर्यारोहक तुकडीनं टुकुच्यातच तळ दिला. त्यांचे नकाशे इतके चुकीचे होते की आधी अन्नपूर्णा शोधण्यात आठवडे गेले. ३ जूनला एरझोग आणि लाशनाल माथ्यावर पोचले. मग १९६० ते १९७४ मुस्तांगात चीनविरुद्ध लढणाऱ्या तिबेटी खम्पा लढवय्यांची छावणी होती. ती उठल्यावरच या दरीतली जोमसोमची वाट परदेशी पदयात्रींसाठी मोकळी झाली. मार्फ्याच्या समोर, नदीपलीकडे छैरोत तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे. मार्फ्याची सफरचंदं १९६६च्या सरकारी बागेची देणगी.

आता शाळिग्राम. पंचायतनात विष्णू म्हणून जो काळा गोटा असतो तो गंडकीचाच लागतो, जसा बाण नर्मदेचा लागतो. आमच्या देवघरातला पणजोबांच्या वेळचा आहे. तो सांगलीपर्यंत कुणाच्या झोळीतून आला याची घरात कुठे नोंद नाही. आत असतो तो कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस समुद्रात राहणाऱ्या अमोनाइटचा ठसा. वरच्या मुस्तांगातल्या काळ्या शिळांतून पुरानं सुटून तो खाली येतो. वज्रकीटकानं चक्र कोरलं अशी पुराणकथा आहे. दोन्हींत आत एक जीव होता हे मात्र सारखंच.

एवढं वाचल्यावर आखणी आपोआप झाली. दिशा खालून वर, धान्य जायचं त्या बाजूनं. एक तर तातोपानीच्या ११९० मीटरपासून मुक्तिनाथच्या जवळपास ३,८०० मीटरपर्यंत उंची हळूहळू मिळते. दुसरं कारण वारा. सकाळी दहा-अकरानंतर वरचं कोरडं पठार तापतं आणि दक्षिणेची हवा या घळीतून खेचली जाते. जोमसोम-कागबेनीच्या पट्ट्यात दुपारी उभं राहणं मुश्कील होतं. म्हणून विमानं सकाळीच उडतात, म्हणून मार्फ्याच्या गल्ल्या अरुंद आणि घरं एकमेकांना चिकटून आहेत. वर जाताना हा वारा पाठीवर असतो, उतरताना तोंडावर. मीठवाले तो तोंडावर घेऊन यायचे. आपण हौशी माणसं, आपण पाठीवर घ्यावा. विमानाचा पर्याय मी काढूनच टाकला. २९ मे २०२२ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं विमान पडून २२ जण गेले, ते विसरता येत नाही.

मुक्काम तातोपानी, घासा, कालोपानी, टुकुचे, मार्फा, कागबेनी, मुक्तिनाथ. हे माझं संशोधन नाही, ओझेवाल्यांचे टप्पे साधारण असेच पडतात. महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. पावसाळ्यात जोमसोम कोरडं म्हणून फसू नये, तिथवर जाणारी खालची वाट दरडींची आहे. २४ मे २०१५ला बेनीच्या वर बैसरीत डोंगर कोसळून नदी सुमारे १५ तास अडली होती. ऑगस्ट २०२३मध्ये कागबेनीत पूर आला. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना आधी काढावा.

२००८च्या आसपास बेनी-जोमसोम रस्ता झाला आणि वाट बिघडली असं ट्रेकर म्हणतात. धूळ आहे, हे खरं. पण ही वाट मालासाठीच होती. खेचरावरून जायचं ते आता ट्रकवरून जातं, तिथल्या लोकांनी त्यात वाईट का मानावं? चालणाऱ्यांसाठी नदीच्या पूर्वेकडून पायवाटा आहेतच. घासाच्या खालची कोप्चेपानीवरून जाणारी त्यांतली चांगली.

तरीही ज्यांना जीपनंच जायचं आहे त्यांना एवढंच सांगते: जाताना दान्याला उतरा, घासापर्यंत चाला, आणि एक रात्र टुकुच्यात काढा. मुक्तिनाथ एक दिवस थांबेल.