लोह, बालकांच्या आहारातील
रक्तातील हीमोग्लोबिनाचा लोह हा आवश्यक घटक होय. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा बालकास सुमारे सहा महिने पुरतो. पुढे ते आहारातूनच मिळावे लागते. जानेफळ (बुलढाणा जिल्हा) व सभोवतालच्या वऱ्हाडात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण व पालेभाज्या यांतून लोह मिळते; परंतु धान्ये व डाळींतील फायटेटामुळे त्याचे शोषण कमी होते. खाण्यात चोखंदळ असलेले मूल पालेभाजी नाकारून दुधावरच राहिल्यास रक्तक्षय संभवतो, कारण दुधात लोह अत्यल्प असते.

ही उणीव भरून काढण्यासाठी भारत सरकारने १९७० मध्ये प्रतिबंधक कार्यक्रम सुरू केला. त्यात बालकांसाठी २० मिग्रॅ. लोह व फॉलिक अम्ल असलेली गोळी होती. लहान मुलांना गोळी गिळणे अवघड असल्याने पुढे पातळ औषध आले. २०१३ पासून सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांसाठी ते आठवड्यातून दोनदा १ मिलि. असे ठरले. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार महाराष्ट्रातील या वयोगटातील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५–१६ मधील ५३·८ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ६८·९ टक्क्यांवर गेले. त्यामुळे औषधाबरोबरच रोजच्या घासाचे महत्त्व टिकून आहे. वरणात पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते.