साक्ष देणाऱ्या चित्राचं कुळ

मे १९०४. काँगोतल्या बारिंगा या गावी ब्रिटिश मिशनऱ्यांच्या घरी न्साला नावाचा माणूस पानांत गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आला. पुडक्यात त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, एक हात आणि एक पाऊल होतं. गावावर लादलेला रबराचा हप्ता भरला गेला नाही, म्हणून ठेकेदार कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिचा जीव घेतला होता. मिशनमधल्या अ‍ॅलिस सीली हॅरिस यांनी न्सालाला ओसरीच्या कडेला बसवलं आणि त्याचा फोटो काढला. त्या फोटोत न्साला कॅमेऱ्याकडे पाहत नाही. तो समोर ठेवलेल्या त्या दोन इवल्या अवयवांकडे पाहतो आहे.

मानवी हक्कांसाठी काढल्या जाणाऱ्या माहितीपटाची वंशावळ मांडायला बसलं, की पहिलं पान याच फोटोसाठी ठेवावं लागतं. अन्याय झालेल्या माणसाचं नाव, त्याचं गाव, त्याच्या बाबतीत घडलेली घटना आणि तिचं चित्र, हे सारं एकत्र करून दूरच्या जनतेपुढे ठेवायचं आणि तिच्या दबावाने सत्तेला जाब विचारायचा, ही रीत इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसते. पण हे झालं एक घराणं. या माहितीपटाला दुसरंही घराणं आहे, आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. ते घराणं वहीचं आहे.

काँगो तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती. लिव्हरपूलच्या एल्डर डेम्प्स्टर या जहाज कंपनीत एडमंड मोरेल नावाचा तरुण कारकून नोकरीला होता. काँगोच्या वाहतुकीचे हिशेब त्याच्या हाताखालून जात. काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरलेली असत. परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका, काडतुसं आणि लष्करी अधिकारी असत. विकत घेतलेल्या मालाच्या बदल्यात जायला हवा असा व्यापारी माल जवळजवळ नसायचाच. मोरेलने सरळ अनुमान काढलं: तिथे व्यापार होत नाही, बंदुकीच्या धाकावर वेठबिगार होते आहे. काँगोत पाऊलही न ठेवता, केवळ जमाखर्चाच्या वह्यांवरून त्याने हे ओळखलं. पुढे नोकरी सोडून त्याने स्वतःला या कामाला वाहून घेतलं.

ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांनी १९०३ मध्ये नदीकाठची गावं फिरून लोकांच्या जबान्या घेतल्या. त्यांचा अहवाल १९०४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये काँगो रिफॉर्म असोसिएशन स्थापन झाली. मोरेलचे आकडे, केसमेंटच्या जबान्या आणि हॅरिसबाईंचे फोटो असे तीन धागे तिथे एकत्र विणले गेले. जॉन आणि अ‍ॅलिस हॅरिस या दांपत्याने हे फोटो काचेच्या पट्ट्यांवर उतरवून ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सभागृहांत मॅजिक लँटर्नने दाखवले. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने ज्या यंत्राचे खेळ करून आपल्याकडच्या लोकांना थक्क केलं, ते हेच यंत्र. खरोलिकेच्या पडद्यावर गोष्टी रंगत. हॅरिस दांपत्याच्या पडद्यावर पुरावा उभा राहत होता.

पण या कथेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा माणूस ना मिशनरी, ना वाणिज्यदूत. ओरड वाढल्यावर लिओपोल्डला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचे तीन न्यायाधीश त्यानेच निवडले होते. त्यांच्यापुढे लोन्तुलू नावाचा एक मुखिया साक्षीला उभा राहिला. त्याने टेबलावर ११० काड्या मांडल्या. रबरापायी मारल्या गेलेल्या त्याच्या प्रत्येक माणसामागे एक काडी. मग त्याने त्यांचे चार ढीग केले: प्रतिष्ठित मंडळी, पुरुष, बायका, मुलं. आणि एकेक काडी उचलत त्याने एकेका मृताचं नाव सांगितलं.

आज मानवी हक्कांच्या संस्थेत संशोधक म्हणून रुजू होणाऱ्या मुला-मुलीला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, ते सगळं या एका कृतीत आहे. मोजणी आहे, वर्गवारी आहे, आणि प्रत्येक आकड्यामागे एक नाव आहे. लोन्तुलूला लिहिता-वाचता येत नसेल, पण नोंद म्हणजे काय हे त्याला पुरतं कळलेलं होतं. राजाने नेमलेल्या आयोगालाही अत्याचार झाल्याचं मान्य करावं लागलं आणि १९०८ मध्ये काँगो लिओपोल्डच्या खासगी मालकीतून निघालं. पुढे बेल्जियमच्या राज्यात तिथल्या लोकांची गुलामी संपली नाही, हेही तितकंच खरं. आयोगापुढच्या मूळ जबान्या १९८० च्या दशकापर्यंत दप्तरखान्यात बंदच राहिल्या. फोटो जगभर फिरला, पण लोकांचे स्वतःचे शब्द मात्र कुलपात पडून राहिले.

सोसणाऱ्या माणसांचे स्वतःचे शब्द पडद्यावर यायला बोलपट यावा लागला. १९३५ साली लंडनच्या पूर्व भागातल्या स्टेपनी या गरीब वस्तीत आर्थर एल्टन आणि एडगर अ‍ॅन्स्टी यांनी 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' हा सुमारे पंधरा मिनिटांचा माहितीपट केला. त्याला पैसा गॅस कंपन्यांच्या संघटनेचा होता. नव्या घरांत गॅस जाईल, हा त्यांचा हिशेब. अवजड ध्वनियंत्र त्या दाटीवाटीत नेलं गेलं आणि चाळकरी आपापल्या खोलीत उभे राहून बोलू लागले: ओल, ढेकूण, वाकलेल्या भिंती, उंदीर. पाठ केलेले संवाद नव्हते. रुबी ग्रिअरसन या सहायक दिग्दर्शिकेने रहिवाशांना भीड सोडायला लावली. कॅमेरा तुमचा आहे, काय सांगायचं ते सांगा, असा तिचा सूर होता. आज कुठल्याही माहितीपटात सोसणारा माणूस थेट आपल्याशी बोलतो तेव्हा आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. ती सवय या खोल्यांत लागली.

वही आणि चित्र यांचं लग्न न्यायालयात लागलं ते न्यूरेंबर्गला. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवरच्या खटल्यात छळछावण्यांवरचा सुमारे तासाभराचा चित्रपट दाखवण्यात आला. न्यायदालनाची मांडणीच अशी केली होती, की पडदा मधोमध यावा. अंधारातही आरोपींचे चेहरे दिसावेत म्हणून त्यांच्या पिंजऱ्यापाशी दिवे लावले होते. पण कुळकथेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो चित्रपटाच्या आरंभी येणारा कागद. हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स तेव्हा अमेरिकी सैन्याच्या चित्रण पथकाचे प्रमुख होते. त्यांचं प्रतिज्ञापत्र आधी पडद्यावर येतं: ही दृश्यं जशी टिपली तशीच आहेत, त्यांत फेरफार केलेला नाही. सुमारे ८०,००० फूट फिल्ममधून ६,००० फूट निवडली, हेही तिथे नोंदलेलं आहे. चित्र खरं आहे हे शपथेवर सांगणारा माणूस हवा आणि काय वगळलं याचाही हिशेब द्यावा, हा नियम तिथे पक्का झाला.

हीच परंपरा मुंबईच्या फुटपाथवर कशी उतरली, ते आपण जवळून पाहिलेलं आहे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी फुटपाथवरच्या झोपड्या हटवून तिथल्या माणसांना गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. भर पावसात पाडकाम सुरू झालं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयाचं दार ठोठावलं. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. पण पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्याची मुभाही महापालिकेला दिली. त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणती करून 'वुई, द इनव्हिजिबल' हा अहवाल काढला. ही माणसं कुठून आली, काय काम करतात, किती वर्षांपासून इथे आहेत, हे त्यात होतं. ज्यांना शहर अतिक्रमण म्हणत होतं, ती शहराची कष्टकरी माणसं आहेत हे आकड्यांनी मांडलं.

आणि त्याच वर्षी माहितीपटकार आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' आला. त्यात पाडापाडी आहे, शहर स्वच्छ करायला निघालेल्या मोठ्या माणसांची भाषणं आहेत, शाहीर विलास घोगरे यांचा आवाज आहे. आणि त्यात एक बाई आहे. डोक्यावरचं छप्पर गेलेली ही बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच खडसावते: आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय? पटवर्धनांनी हा प्रसंग कापला नाही. साक्ष गोळा करणाऱ्यालाही साक्षीदार उलटा प्रश्न विचारू शकतो, हे त्यांनी चित्रपटातच ठेवलं. माझ्या मते या परंपरेत मुंबईने घातलेली सगळ्यात मोठी भर ही आहे. १९८६ मध्ये संजय गांधी नगरची वस्ती पाडली गेली तेव्हा पटवर्धन रहिवाशांसोबत उपोषणाला बसले, शबाना आझमीही बसल्या, आणि त्या लढ्यातून रहिवाशांना गोरेगावला दिंडोशीत पर्यायी जागा मिळाली. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर देता येण्याजोगं नव्हतं, ते रस्त्यावर येऊनच द्यावं लागलं.

याच विलास घोगरे यांनी जुलै १९९७ मध्ये, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेल्यानंतर काही दिवसांतच, आपलं आयुष्य संपवलं. पटवर्धन त्या घटनेच्या मागे चौदा वर्षं राहिले. खटला, चौकशी, शाहिरांची गाणी, वस्तीतली घरं यांतून तीन तासांहून मोठा 'जय भीम कॉम्रेड' उभा राहिला. चौदा वर्षं एकाच धाग्याला धरून राहणं, हे चित्रीकरणाइतकंच संशोधनाचं काम आहे.

चित्र एकटं किती दुबळं ठरू शकतं, याचा धडा लॉस एंजलिसने दिला. ३ मार्च १९९१ च्या रात्री पोलीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बडवत असताना एका रहिवाशाने घराच्या सज्जातून व्हिडिओ काढला. तो जगाने पाहिला. आता आणखी पुरावा कशाला हवा, असंच सगळ्यांना वाटलं. पण खटल्यात बचाव पक्षाने तीच फीत अगदी सावकाश, चौकटीमागून चौकट दाखवली आणि प्रत्येक फटक्याला 'नियमानुसार' असं स्पष्टीकरण जोडलं. २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने चारही पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं आणि शहर पेटलं. त्याच वर्षी संगीतकार पीटर गॅब्रिएल यांच्या पुढाकाराने 'विटनेस' ही संस्था सुरू झाली. तिने आधी जगभरच्या कार्यकर्त्यांना कॅमेरे वाटले आणि लवकरच तिच्या लक्षात आलं, की नुसता कॅमेरा हाती देऊन भागत नाही. काय टिपायचं, कोणासाठी टिपायचं, पुरावा कसा जपायचा, हे शिकवावं लागतं. संस्थेचं मुख्य काम मग प्रशिक्षण हेच झालं.

या कुळाची अगदी अलीकडची पिढी पाहायची, तर पुन्हा आफ्रिकेतच जावं लागतं. जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला. सैनिक दोन बायकांना आणि दोन लहान मुलांना चालवत नेतात, त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात, गोळ्या घालतात. कॅमेरूनच्या सरकारने ही खोटी बातमी ठरवून हात झटकले. बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या गटाने इतर संशोधकांच्या मदतीने त्या व्हिडिओतली डोंगराची कड उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली आणि झेलेवेत गावाजवळची जागा शोधली. एक पायवाट फक्त कोरड्या दिवसांत दिसते, एक घर आधीच्या चित्रात आहे आणि नंतरच्या चित्रात नाही. यावरून काळ आवळत आणला. सैनिकांच्या सावल्यांची लांबी आणि दिशा मोजून सूर्याची जागा काढली आणि २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या सुमारे पंधरवड्यात ही हत्या झाल्याचं दाखवलं. हे शोधकाम त्यांनी 'अ‍ॅनाटमी ऑफ अ किलिंग' या चित्रफितीत पायरी-पायरीने मांडलं. २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी बर्कलीचं विद्यापीठ आणि संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय यांनी अशा डिजिटल पुराव्यांची शोधपद्धत 'बर्कली प्रोटोकॉल' म्हणून लिहून काढली.

वंशावळ लांबलचक असली, तरी तिचा निष्कर्ष सरळ आहे. लोक हेलावतात ते चित्राने. पण सत्तेला नाकारता येत नाही ते नोंदीमुळे. यातली एकच बाजू हाती धरणारं काम फसतं. आपल्याकडे या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं चांगली जाणती आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी चित्रपट आणि सामाजिक संशोधन एकाच छताखाली शिकवलं जातं. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी तिथे शिकवता शिकवताच धारावीतल्या सलोख्यावर 'नाता' केला. तरीही माहितीपट म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे दिग्दर्शक आणि कॅमेराच येतो. माहितीचा अधिकार वापरून कागद मिळवणारा, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल शेजारी ठेवून वाचणारा, जबानी बोलीत आहे तशी उतरवून घेणारा, मूळ फीत न बदलता जपून ठेवणारा संशोधक श्रेयनामावलीत तळाशी जातो. त्याचं नाव वर यायला हवं, आणि त्याला पोट भरण्याजोगा पगार मिळायला हवा. वर्षानुवर्षं टिकणारं काम उत्साहाच्या भांडवलावर होत नाही.

जे या वाटेने जातील त्यांना एक मागणं आहे. साक्षीदाराला त्याचं चित्र कुठे दाखवलं जाईल आणि त्यातून त्याच्यावर काय ओढवू शकतं, ते त्याच्या भाषेत समजावून सांगा, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा पिशवीत घाला. चित्रपट पुरा झाला की महोत्सवाला पाठवण्याआधी त्याच्या वस्तीत पडदा लावा. चूक झाली असेल तर ती सांगण्याचा पहिला हक्क त्या लोकांचा आहे, कारण त्या कामाची किंमत शेवटी त्यांनाच मोजावी लागते.