शहराच्या मध्यभागी जागा कुणाची, बसची की कारची? पुण्याच्या पेठांमधून समजून घ्या

संध्याकाळी सातची वेळ, पुण्यातला बाजीराव रस्ता. एक कार इंडिकेटर लावून कडेला थांबते. पार्किंगची जागा नाही, पण 'दोनच मिनिटं' म्हणून एक जण उतरतो आणि दुकानात शिरतो. मागे पीएमपीची १२ मीटर लांब बस अडकते. आत पन्नासेक माणसं. हॉर्न वाजतात, दुचाकी फटीतून निघून जातात, बसला मात्र हलता येत नाही.

मग सोशल मीडियावर फोटो पडतो आणि खाली दोन तट पडतात. 'एवढ्या अरुंद रस्त्यावर एवढी मोठी बस कशाला?' असं एक म्हणतो. 'एकट्या माणसाला एवढी मोठी कार कशाला?' असं दुसरा विचारतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण बस मोठी दिसते ती एक वाहन म्हणून. तिच्यातली माणसं मोजली की चित्र बदलतं.

मोजायचं काय, गाड्या की माणसं?

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात एक भूमिका स्पष्ट आहे: रस्त्याची आखणी वाहनांसाठी नाही, तर माणसांच्या ये-जा करण्यासाठी व्हावी.

साधा हिशेब करून पाहा. एका बसमध्ये बसलेले आणि उभे मिळून ६० प्रवासी आहेत. ती रस्त्याची १२ मीटर लांबी व्यापते. हेच ६० जण प्रत्येक कारमध्ये दोघं असे निघाले, तर ३० कार लागतील. एक कार साधारण ४ मीटरची. बंपरला बंपर लावून उभ्या केल्या तरी रांग १२० मीटरची होते आणि चालू वाहतुकीत मधलं अंतर धरलं तर त्याहून बरीच लांब.

अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची 'नॅक्टो' ही संघटना रस्ते आखणीसाठी मार्गदर्शिका काढते. तिच्यानुसार सुमारे ३ मीटर रुंदीच्या एका मार्गिकेतून खासगी वाहनं तासाला ६०० ते १,६०० माणसं नेतात. तीच मार्गिका फक्त बसना दिली, तर आकडा ४,००० ते ८,००० वर जातो. पदपथावरून चालणारी माणसं याहून जास्त, ८,००० ते ९,०००. अरुंद रस्त्यासाठी हा आकडा महत्त्वाचा, कारण पेठांमध्ये वाढवायला रस्ताच नाही. दोन्ही बाजूंना वाडे, दुकानं, इमारती. आहे तेवढ्याच जागेत भागवायचं आहे.

उभी गाडीही रस्ता खाते

चर्चा धावणाऱ्या गाड्यांची होते, पण पेठांमधली खरी अडचण थांबलेल्या गाड्यांची आहे. कार दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. रस्त्याच्या कडेला तिला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. अशी एक रांग लागली, की दोन मार्गिकांच्या रस्त्यातली एक गेलीच. बसला मध्यभागी पार्किंग लागत नाही. ती माणसं उतरवते आणि पुढे जाते.

पुणेकरांना सम-विषम तारखांचं पी१-पी२ पार्किंग पाठ आहे. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्वा या महापालिकेच्या पार्किंगच्या इमारतीही आहेत. तरीही दुकानाच्या दारातच गाडी लावायची, ही सवय जात नाही. रस्त्यावर फुकटात लावता येत असेल, तर पैसे देऊन इमारतीत कोण जाईल? २०१८ मध्ये महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावायचं धोरण मंजूर केलं. विरोध इतका झाला, की आधी ते मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं आणि नंतर तेही रखडलं.

मग लोक बसने का जात नाहीत?

कारण पेठांमध्ये बसची खरी स्पर्धा कारशी नाहीच. ती आहे दुचाकीशी. परदेशी उदाहरणं जशीच्या तशी इथे लागू होत नाहीत, ती यामुळेच.

वरच्या ६० माणसांना प्रत्येकी दोघं धरून ३० दुचाकींवर बसवा. तीन-तीनच्या ओळीत त्या वीस-पंचवीस मीटरमध्ये मावतात. म्हणजे सिग्नलला उभी असताना दुचाकी काही फार जागा खात नाही, आणि ती दारातून दारापर्यंत नेते. स्कूटर काढणारा पुणेकर अडाणी नाही, त्याचा हिशेब पक्का आहे. गोम पुढे आहे: बहुतेक दुचाकींवर एकच जण असतो आणि पोचल्यावर त्या प्रत्येकीला उभं राहायला जागा लागते.

बसच्या बाजूनेही अडचणी आहेत. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी आहेत. म्हणजे जाताना बस एका रस्त्यावर उतरवते आणि परतीची बस दुसऱ्याच रस्त्यावर मिळते. नव्या माणसाला तो थांबा शोधावा लागतो. बस कधी येईल याचा भरवसा नाही, कारण ती त्याच कोंडीत अडकलेली असते जी टाळायला लोक दुचाकी घेतात. जून २०२५ पासून पीएमपीचं किमान तिकीट ५ वरून १० रुपयांवर गेलं. चौघांचं कुटंब तुळशीबागेत खरेदीला निघालं, तर जाऊन-येऊन किमान ८० रुपये. एवढ्यात स्कूटरचं पेट्रोल नक्की येतं.

बसच्या आकाराची तक्रारही अगदीच चुकीची नाही. त्यावर उत्तर म्हणून जुलै २०२१ मध्ये 'पुण्यदशम' सेवा सुरू झाली: लहान मिडी बस, मध्यवर्ती पेठांमध्ये फिरणाऱ्या, दिवसभरासाठी १० रुपये. कल्पना चोख होती. पण लहान बसही त्याच कोंडीत उभी राहते.

बसला वेगळी वाट दिली तर?

हा प्रयोगही पुण्यातच आधी झाला. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी सुरू झाला. पण मार्गिकेत खासगी वाहनं घुसत राहिली आणि सलग वाट कधी मिळालीच नाही. पुढे नगर रस्त्यावर बांधलेल्या बीआरटीचा काही भाग चक्क काढून टाकला गेला. दिल्लीत तर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने बीआरटी बंद करण्याची मागणी फेटाळली होती, तरी पुढे सरकारनेच तो मोडीत काढला. दोन्हीकडे कारवाल्यांची तक्रार एकच: 'आमचा रस्ता कमी झाला आणि बसची मार्गिका रिकामी दिसते.' मार्गिका रिकामी दिसते, कारण बस पटकन निघून गेलेली असते. हे पटवणं मात्र कठीण. शिवाय बस कमी असतील, तर ती खरोखरच रिकामी असते.

लंडनने क्रम वेगळा ठेवला. १७ फेब्रुवारी २००३ ला तिथे मध्यवर्ती भागात येणाऱ्या गाड्यांवर दिवसाला ५ पौंड शुल्क लागू झालं आणि त्याच सुमारास सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आल्या. शुल्कातली शिल्लक वाहतुकीवरच खर्च करायची, असं बंधन होतं. गाड्या कमी झाल्या. काही वर्षांनी रस्त्यांची कामं आणि इतर कारणांनी कोंडी पुन्हा वाढली, हेही खरं. पण गाडी सोडणाऱ्याला पहिल्या दिवशी बस मिळाली.

आणि बसही नको असेल तर?

काही रस्त्यांवर बसही जास्तच असतात. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दिवसा खासगी गाड्यांना बंदी असूनही बस आणि टॅक्सींची रांग लागते. पुण्याकडे याचा अनुभव आहे. गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता वाहनांना बंद असतात आणि तिथे माणसं मावेनाशी होतात. गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्त्याचा एक भाग २०२१ पासून ११ डिसेंबरला 'पादचारी दिन' म्हणून वाहनमुक्त केला जातो.

दुकानदारांना धंद्याची धास्ती असते. सोन्याचा किंवा लग्नाच्या बस्त्याचा ग्राहक पिशव्या घेऊन चालेल का, हा प्रश्न खोटा नाही. गुडघेदुखीच्या आजींनी काय करायचं, मालाचा टेम्पो कधी यायचा, पेठेतल्या रहिवाशाने गाडी कुठे लावायची, याचीही उत्तरं आधी लागतात. मालासाठी पहाटेची वेळ, रहिवाशांना परवाने आणि रुग्णवाहिकेला कायम वाट, अशी सोय अनेक शहरं करतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही भूमिगत मेट्रो स्थानकं सुरू झाली आहेत. त्यामुळे पेठेत गाडीशिवाय पोचण्याचा आणखी एक रस्ता आहे, तोही कोंडीच्या खालून. स्थानकातून वर आल्यावर चालायला पदपथ मोकळा हवा, एवढंच.

पादचारी दिनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरचे बॅरिकेड निघतात. दुसऱ्या दिवशी १२ तारीख, म्हणजे सम. पी१-पी२ च्या रस्त्यांवर गाड्या समोरच्या बाजूला लागतात आणि बस त्यांच्यामागे उभी राहते.