दाभोळचा किनारा आणि आमचे अंगण



बीदर-कलबुर्गीच्या सीमेवरील शाळेत समुद्रकिनाऱ्याचा विषय काढावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्या भूमीचे एक वैभव समुद्राच्या वाटेनेच येथे आले, हे आज सांगावयाचे आहे.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आली. दख्खनच्या फौजांना लागणारे अरबी व इराणी घोडे कोकणातील चौल-दाभोळला उतरत आणि घाट चढून इकडे येत. त्याच दाभोळला 1453 साली कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातील महमूद गावान उतरला. व्यापारी म्हणून आलेला हा गृहस्थ बीदरला राहिला आणि वजीरपदास पोहोचला. 1472 मध्ये त्याने गोवा बहमनी अमलाखाली आणला. त्याच सुमारास बीदरचा भव्य मदरसाही पूर्ण झाला. बंदराचे मोल जाणणाऱ्या या पुरुषाने विद्यालयाचेही मोल जाणले होते.

याच काळात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला पावसाळा काढून तो चिखल तुडवीत बीदरला आला आणि तेथे त्याने तो घोडा विकला. शेख अलाउद्दीनच्या स्थानी दहा दिवस भरणाऱ्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे त्याने लिहून ठेवले. ते स्थान म्हणजे आपले आळंद, असे अभ्यासक मानतात. लाडले मशायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सत्पुरुषाचा दर्गा तेथे आहे. तुकोबांच्या गुरुपरंपरेतील राघवचैतन्यांची समाधीही आळंदलाच मानली जाते. किनाऱ्यावरचा माल आणि संतांची परंपरा, दोहोंना या गावाने जागा दिली.

पुढील कथा दुःखाची आहे. दरबारातील 'दख्खनी' आणि 'परदेशी' या गटांचे वैर विकोपास गेले. बनावट पत्राच्या आधारे 1481 मध्ये गावानचा शिरच्छेद झाला आणि काही दशकांतच बहमनी राज्याची शकले झाली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे या मातीत राबलेला माणूसही अखेर 'बाहेरचा' ठरला. मदरशाचा उरलेला मिनार आणि त्यावरील निळ्या फरशांचे अवशेष आजही त्याची साक्ष देतात.

1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण 'सीमाभागातील' झालो. सीमा म्हणजे कड, ही भावना तेव्हापासून मनात घर करून आहे. कोण आपला आणि कोण बाहेरचा, हा प्रश्न आपल्याही ओसरीवर अधूनमधून येऊन बसतो. अशा वेळी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना दाभोळची वाट सांगावी. आपले गाव कडेला नव्हते, वाटेवर होते, हे त्यांना कळले, तर या स्मृतिव्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.