भाडोत्री-निवड (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

घर भाड्याने देण्यापूर्वी घरमालक येणाऱ्याची जी चौकशी, पारख आणि कागदपत्रांची तजवीज करतो ती. कायद्याच्या मराठीत ‘भाडेकरू’ म्हणतात. बेळगाव-निपाणीच्या बोलण्यात मात्र ‘भाडोत्री’.

बेळगावात भाडोत्री येतो तो शिक्षण, लष्कर किंवा कारखान्यापायी. केएलई संस्थेची (स्थापना १९१६) महाविद्यालये आणि रुग्णालय, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (१९९८), मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि उद्यमबागेतील फौंड्र्या ही त्याची ठिकाणे. वडगाव-खासबागेत यंत्रमागाचा खडखडाट सोसणारा भाडोत्री लागतो. निपाणीत तंबाखू-विडीच्या धंद्याभोवतीची माणसे आणि बदलीवर आलेले नोकरदार येतात. घरमालकाची पहिली पसंती या बदलीवाल्यालाच, कारण तो आपणहून जातो. येणाऱ्यात जाणारा शोधणे, हीच इथल्या निवडीची खरी कसोटी.

या सावधगिरीमागे जुना कायदा आहे. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली आला. जुन्या पेठांतील नाममात्र भाड्याच्या, पिढीजात भाडोत्र्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेला घरमालक आजही माडी कुलूप लावून रिकामी ठेवतो. वास्तविक त्या कायद्याची जागा कर्नाटक भाडे अधिनियम, १९९९ ने घेतली (अंमल ३१ डिसेंबर २००१ पासून). हा अधिनियम अनुसूचीतील मोठ्या शहरांत साधारण ३,५०० आणि अन्यत्र २,००० रुपयांवरील मासिक भाड्याच्या जागांना लागू नाही. आजची बहुतेक घरे त्यामुळे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ खाली येतात आणि लेखी करार नसल्यास महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची नोटीस पुरते. भीती मात्र जुन्याच कायद्याची राहिली आहे.

करार अकरा महिन्यांचा करतात, कारण नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेले की ही युक्ती संपते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तेथे अकरा महिन्यांचा करारही लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. दोन्हीकडे नातीगोती असलेल्या घरमालकांची इथे हमखास गल्लत होते.

चौकशी उंबऱ्यावरच सुरू होते. ‘कुठलं गाव म्हणायचं तुमचं?’, ‘घरात माणसं किती?’ आणि मग, ‘पाणी रोज येत नाही, आधीच सांगून ठेवतो.’ माणसांची मोजदाद पाण्यासाठी असते. २००८ मध्ये बेळगावच्या काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याबाहेरच्या घरांत टाकी किती लिटरची, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. गाव विचारण्यामागे बहुधा आडनाव आणि स्वयंपाकघर असते. सीमाप्रश्न रस्त्यावर कितीही तापो, मराठी-कानडी भेदापेक्षा मटण शिजणार का, लग्न झाले आहे का आणि धर्म कोणता, यांवरच नकार अधिक मिळतात. ‘आत्ताच दुसऱ्याला दिली’ हे त्या नकाराचे सभ्य रूप. असा भेद करणे अन्यायाचेच. पण खासगी घरमालकाला संविधानाचे कलम १५ सहसा थेट अडवत नाही.

ओळखीतला मध्यस्थ, आधारची प्रत, नोकरीचे ओळखपत्र आणि डिपॉझिट एवढ्यावर बहुतेकांचे भागते. परदेशी विद्यार्थी ठेवल्यास त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी यंत्रणेला २४ तासांत कळवावी लागते.

२०२३ पासून एका नव्या बाबीची भर पडली. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत दरमहा २०० युनिटपर्यंतच्या मोफत विजेचा लाभ भाडोत्र्यालाही आहे. त्यासाठी त्याचे आधार मीटरच्या खात्याशी जोडतात. खोली सोडताना ते काढले नाही, तर नव्याची नोंदणी अडते. म्हणून किल्ली परत घेताना जाणता घरमालक आता आधार सोडवले का, तेही विचारतो आणि मगच डिपॉझिट मोजतो.